नंदाकाकूंची वाढीव तिकिटं

इथे अमेरिकेत, शॉमबर्गला आमच्या भिंतीला भिंत लावून श्रीरामकाका आणि नंदाकाकू राहतात. काका रिटायर्ड इंजिनियर, काकू रिटायर्ड लॅब टेक्निशियन. माझा वेद झाला तेव्हा आई व्हिसाच्या घोळात अडकली होती. डिंकाचे लाडू, शेक, बाळाची अंघोळ, सगळं काकूंनी केलं. त्यामुळे दुपारी वेद झोपेना झाला की त्याला उचलून मी सरळ त्यांच्याकडे जाते.

मे महिन्यातल्या त्या दुपारी गेले, तर दोघं आयपॅड मधे ठेवून बसलेली. पाऊण तासावरच्या विद्यापीठाची ईमेल आली होती. मुलींच्या व्हॉलीबॉलची सीझन तिकिटं रिन्यू करायचा शेवटचा दिवस, आणि या वर्षी भाव वाढलेले. कारण आजवर बिनपैशाने खेळणाऱ्या विद्यार्थी खेळाडूंनाही आता विद्यापीठाला पैसे द्यायचे होते.

"कॅन्सल कर," काका म्हणाले.

काकूंनी ईमेल पुन्हा वरपासून वाचायला घेतली. लग्नाआधी यवतमाळला त्या स्वतः खेळायच्या. एरवी फोनवरसुद्धा हळू बोलणाऱ्या काकू मॅचला ओरडून घसा बसवून येतात आणि पुढचे दोन दिवस त्याच बसक्या आवाजात खुशीत असतात. देवांग, त्यांचा मुलगा, तिथूनच शिकून निघून गेला तरी तिकिटं कधी चुकली नव्हती.

"शिकायला आल्यात की कमवायला?" काकांनी विचारलं.

"दोन्ही. देवांग कॅम्पसवर लायब्ररीत काम करायचा, तेव्हा गावभर सांगत होतात."

"ते काम होतं. हा खेळ आहे."

"पहाटे उठून वेट्स उचलतात त्या. तुम्ही उठा एक दिवस."

"आणि तुझ्या पोरींच्या वाट्याला येणार काय? सगळं फुटबॉलवाले नेणार!"

"थोडं तरी येईल."

काका माझ्याकडे वळले. "तूच सांग गं. विद्यापीठाची मुलं म्हणजे घरचीच ना? घरच्यांना कोणी पैसे देतं का?"

मी काही बोलणार, तेवढ्यात वेदने त्यांचा चष्मा ओढला. चहाला उठलेल्या काकू मात्र जागीच थांबल्या.

काका आमच्या मराठी मंडळाचे कित्येक वर्षं खजिनदार होते. भारतातून कलाकार आला की त्याला पाकीट, आणि इथल्याला शाल-नारळ, वर "ही तर आपल्या घरचीच" असं माइकवरून कौतुक. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात पेटीवर काकू असायच्या.

"घरची," काकू म्हणाल्या. "त्या शालींची गराजमध्ये दोन खोकी आहेत. मागच्या गणपतीत तो गायक आपल्याकडे उतरला होता, त्याचा पेटीवाला आजारी पडला, म्हणून मी बसले. गायकाला पाकीट, मला नारळ. तुमच्याच हातून, स्टेजवर. आणि घरी येऊन त्याच नारळाची त्याच्यासाठी चटणी वाटली!"

"अगं, तू माझी बायको! तुला पाकीट दिलं असतं तर लोक काय म्हणाले असते?"

"बरं. मग या मुली कोणाच्या बायका आहेत?"

मला हसू आवरेना. काका हसले नाहीत. काकूंनी आयपॅड स्वतःकडे ओढला. "एक माझं, माझ्या पेन्शनमधून. दुसरं वेदच्या आईचं, माझ्याकडून. मांडीवरच्या बाळाला तिकीट लागत नाही. तुमचं तुम्ही बघा."

मी नाही-नाही म्हणेपर्यंत रिन्यू करून झालंसुद्धा.

सप्टेंबरात पहिली मॅच आली. काकू फ्रीवेवर ड्राइव्ह करत नाहीत. मी नेईन म्हटलं, तर काकाच किल्ली घेऊन दारात उभे. "बाळ मागे रडलं तर तुझं लक्ष राहणार नाही. मी सोडतो. आत येणार नाही."

"पार्किंगचेही वाढलेत," काकूंनी वाटेत ऐकवलं.

"ते गाडीचे. गाडीला तत्त्व नसतं."

काका गाडीतच थांबले. आम्ही काकूंच्या नेहमीच्या जागी, खेळाडूंच्या बेंचच्या अगदी मागे जाऊन बसलो. बॉल हवेत गेला आणि काकूंचा आवाज फुटला, "अगं उचल! उचल ना!" बेंचवरची चौदा नंबरची उंच मुलगी वळून हसली, मराठी आरडाओरडा तिला सवयीचा असावा. वेद आधी दचकला, मग टाळ्यांबरोबर पाय झाडू लागला. त्याच्या मऊ केसांवर हनुवटी टेकून मी कितीतरी दिवसांनी नुसती बसले होते.

दुसरा सेट आम्ही हरलो. माझा फोन वाजला. काका. "स्कोअर काय?"

सांगितला. थोड्या वेळाने परत, "आता सर्व्ह कोणाची?"

तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा आमच्याभोवती होता तोच गोंगाट फोनमधूनही येत होता. मी मान वर केली. छताला टेकलेल्या शेवटच्या रांगेत, कानाला फोन लावून, काका उभे. दारावरचं तिकीट तर आमच्यापेक्षाही महाग.

मी काकूंना कोपराने ढोसलं. त्यांनी वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि माझ्या हातातून फोन घेतला.

"खाली येऊ का?" काकांचा आवाज मलाही ऐकू आला.

"नको. इथे जागा नाही. आणि वरून सगळं कोर्ट नीट दिसतं. आपली चौदा नंबरची नेटजवळ, पुढच्या रांगेत आली की सांगा."

काकूंनी फोन ठेवला नाही, काकांनीही नाही.

"नंदा, आली बघ पुढे! आली!"

"दिसतेय हो मला," काकू म्हणाल्या आणि फोन कानाशी धरूनच उठून उभ्या राहिल्या.