खाडीच्या पाण्यात बनुबाई

"मडक्यात काय आहे, जोतीराम?" जीपमध्ये बाटल्यांची खोकी लावता लावता मदन मगदूमनं विचारलं.

"आईची रक्षा हाय, सायेब. खाडीत सोडीन म्हनतो."

मदनचा हात थांबला. तो सांगलीचा. पाण्याच्या अभ्यासासाठी कोयनानगरला येऊन राहिलेला. बनुबाई गेल्याचं त्याला कळलं होतं. पण तिच्या लेकाला आज घरी राहू द्यावं, हे सुचलं नव्हतं.

जोतीराम पूर्वी गावची नाव चालवायचा. धरणात गाव बुडालं, नाव लागायची तो उतारही बुडाला. तेव्हापासून तो वसाहतीत मिळेल ते काम करी. मदनला होडी वल्हवणारा हवा होता, म्हणून हे काम मिळालं.

एकदा मदननं त्याला उपग्रहानं वरून काढलेला फोटो दाखवला होता. धरणाचं पाणी काळ्या ओरखड्यासारखं दिसत होतं. जोतीराम त्यात कितीतरी वेळ आपलं गाव शोधत राहिला.

"बुडालेली झाडं, मुळं, पालापाचोळा कुजून पाण्यात विरघळतो," मदननं समजावलं होतं. "पाण्याला चहासारखा रंग चढतो. वीज करून झाली की हे पाणी डोंगराच्या पोटातनं वाशिष्ठीत उतरतं, तिथनं खाडीत. तो रंग खाडीत वरनं ओळखू येतो का, ते बघायचंय."

जोतीरामनं त्याच दिवशी घरी जाऊन हे आईला सांगितलं होतं. बनुबाईनं विचारलं,

"आपली आंब्याची झाडं बी त्यात आली का रं?"

"आली असतील."

"मग मला साठल्या पान्यात सोडू नगंस. गाव जिकडं वाहून चाललंय, तिकडं सोड."

कुंभार्ली घाट उतरून दोघं खाडीवर पोचले. आभाळ स्वच्छ होतं. मागच्या दोन्ही खेपांना ढगांनी घात केला होता. उपग्रह माथ्यावरून जाईल त्याच सुमाराचं पाणी बाटल्यांत हवं होतं. ओहोटी सरत आली होती, तरी पाणी अजून समुद्राकडे ओढत होतं.

"तुम्ही आधी..." मदन म्हणाला, आणि अडखळला. "म्हणजे, राख पाण्यात मिसळली तर बाटल्यांतलं पाणी..."

जोतीरामनं मडकं होडीत पायाशी ठेवलं.

"आदी बाटल्या भरू, सायेब."

होडी खाडीभर फिरली. मदन वाकून पाणी भरत होता, झाकणं लावत होता. शेवटची बाटली भरून त्यानं मान वर केली, तर पाण्यावरची पानं उलटी, डोंगराकडे निघाली होती.

"भरती लागली, जोतीराम," तो हळू आवाजात म्हणाला. "माझ्यामुळं झालं. पुढच्या ओहोटीपर्यंत थांबू आपण. मी थांबतो."

जोतीरामनं पूर्वेला पाहिलं. सह्याद्री निळसर दिसत होता.

"नगं. लय ताटकळली ती."

त्यानं फडकं सोडलं, मडकं पाण्याला टेकवून हलकेच कलतं केलं. राख पसरली, होडीला वळसा घालून डोंगरांच्या दिशेनं सरकू लागली.

"बघा की," तो म्हणाला, "घराकडंच निघाली."

मदननं डोक्यावरची टोपी काढली. जोतीरामनं वल्ही उचलली, आणि त्यांचं गळतं पाणीही तिच्या वाटेत पडू नये म्हणून होडीत आडवी ठेवली.