‘रिकामी कबर’ मंडळींचा ड्रम

मित्रांनो, मी एक जुना ड्रम आहे. मिरवणुकीतला वाटलो ना? माझा जन्म त्यासाठीच झाला होता. वेल्समधल्या एका कोळसा खाणीच्या बँडसाठी एका कारागिराने लाकूड वाकवून, वर वासराचे कातडे ताणून मला घडवले. पुढे खाण बंद पडली, बँड मोडला आणि मी गावातल्या चॅपलच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, मागच्या खोलीत चहाच्या किटल्यांशेजारी धूळ खात पडलो.

तिथून मला तेग्वेन नावाच्या मुलीने बाहेर काढले, १९७२ साली. चॅपलमधल्या तिघा तरुणांनी येशूची गाणी नव्या चालीत गाण्यासाठी गट काढला होता. एल्विन गिटार वाजवत गायचा, गेर्विन ऑर्गनवर बसायचा आणि तेग्वेन माझ्यापुढे. गटाचे नाव त्यांनी ठेवले ‘रिकामी कबर’, कारण ईस्टरच्या दिवशी येशू पुन्हा जिवंत झाला आणि त्याची कबर रिकामी सापडली, असे बायबल सांगते.

"हे काय नाव झालं?" चॅपलचे कारभारी हॉपकिनकाका म्हणाले. "ऐकूनच माझा चहा गार झाला!"

गिटार त्यांनी नाक मुरडत का होईना, चालवून घेतली. मला मात्र दारातच अडवले.

"ईस्टरला हा ढोल आत येणार असेल, तर माझी एक अट आहे. पाळकसाहेबांच्या प्रार्थनेतला एक शब्द जरी बुडाला, तरी हा कायमचा बाहेर."

तेग्वेनचा तर सारा जीव माझ्यात अडकलेला. ती रोज मला घेऊन स्वयंपाकघरात बसू लागली. आई पाठमोरी भांडी घासत असायची.

"आई, आता ऐकू आलं?"

"काय गं?"

"जमलं!"

ईस्टरच्या प्रार्थनेला तिने मला इतके अलगद वाजवले, की माझे मलाच नवल वाटले. प्रार्थना संपल्यावर हॉपकिनकाकांनी डोळे उघडले.

"घाबरलीस ना शेवटी? वाजवलाच नाहीस!"

"वाजवत होते की, काका. पहिल्या शब्दापासून."

पुढच्या रविवारी मला आत नेताना दार काकांनीच धरून ठेवले.

मग तिघांच्या वाटा फुटल्या, आणि काय एकेक वाटा! आमचा गोड गळ्याचा एल्विन लंडनला जाऊन चामडी विजार घालून किंचाळणाऱ्या बँडमध्ये शिरला. भजनातल्या एकेका सुरासाठी भांडणाऱ्या गेर्विनने बिस्किटांच्या जाहिरातींना चाली लावल्या. तेग्वेन एका मोठ्या वाद्यवृंदाच्या परीक्षेला गेली. बाकीचे उमेदवार दणादण बडवून गेले होते. हिला परीक्षक म्हणाले, अगदी हळू वाजवून दाखवा. ते तर तिचे रोजचेच होते! तिची निवड झाली. हॉपकिनकाकांचे उपकार ती सगळ्यांना सांगायची, आणि मीही ते मानतो.

काका नव्वदीला पोचले, तेव्हा त्यांचे कान पार गेले होते. तेग्वेन मला घेऊन त्यांच्या घरी गेली आणि सवयीने हळुवार वाजवू लागली. माझी थरथर जाणवते का ते पाहायला काकांनी माझ्या कडेवर हात ठेवला.

"वाजवतेस, की नुसती बसलीस? जोरात हाण की, पोरी!"

तेग्वेनच्या डोळ्यांत पाणी आले. तिने मला पहिल्यांदाच जीव खाऊन बडवले. काका खुर्चीच्या हातावर ताल धरून खदखदून हसत होते. माझे जुने कातडे टरकन फाटले, पण मला त्याचे जराही दुःख नाही. तिने नवे बसवून दिले.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वाद्यांची धूळ पुसा, त्यांना ओल लागू देऊ नका. पण नुसती जपून ठेवू नका. फाटले तर शिवता येते, बदलता येते. ऐकणारे माणूस आपल्यात आहे, तोवर वाजवून घ्या.