सोमवारचा टोप

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा टोप आहे. माझ्या अंगावर पोचे आहेत आणि मला त्यांची लाज वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ज्याला 'अरेरे' म्हणायचं असेल त्याने गोष्ट संपेपर्यंत थांबावं.

कोकणातल्या एका तांबटाने मला घडवलं. त्याने मला इतकं ठोकलं, की पुढे ठोकून घेण्याची भीतीच उरली नाही. सखुबाईंच्या लग्नात मी त्यांच्याबरोबर मुंबईला आलो आणि घाटकोपरच्या एका चाळीत राहू लागलो. सखुबाईंचे यजमान गिरणीत होते. ते वारले तेव्हा बाईंनी पदर खोचला आणि गावाकडून एकट्या आलेल्या कामगारांसाठी खानावळ काढली.

कोकणी खानावळ म्हणजे रोज मासे. सोमवारी मात्र नाही. सोमवारच्या जेवणाला माशाचं भांडं चालत नाही, वेगळा टोप लागतो, आणि तो टोप मी. बाकीचे दिवस मी फळीवर पालथा पडून असायचो. समोर माशांचा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, टोप रटरटायचा, जेवणारे त्याचं कौतुक करत बोटं चाटायचे, आणि मी धूळ खायचो. मला त्याचा राग यायचा. खरं सांगायचं तर अजून येतो.

माझ्यात शिजायचं तेही काही कमी नव्हतं. यजमान गेल्यावर सखुबाई गोकर्णाला गेल्या होत्या. तीर्थाच्या ठिकाणी आवडती वस्तू सोडतात, तसं त्यांनी दूध सोडलं आणि त्याबरोबर दही, ताक, तूपही सोडलं. त्यामुळे माझ्या वाट्याला फक्त नारळाचा रस आला. काळ्या वाटाण्याचं सांबार करावं तर सखुबाईंनीच.

पण मला खरी माया लावली ती त्यांच्या मुलीने, सुगंधाने. आई मासे आणायला गेली, की ती करवंटीच्या दोन डवल्या, म्हणजे लाकडी दांड्याच्या पळ्या, उलट्या धरायची आणि त्यांच्या दांड्यांनी माझ्या पालथ्या बुडावर ताल धरायची. सुरुवातीला तो भजनाचा ताल होता. पुढे खानावळीत जेवायला येणाऱ्या चंदरने रॉकचं वेड आणलं. तो इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा, मानेपर्यंत केस वाढवायचा आणि चाळीतल्या वडीलधाऱ्यांची बोलणी खायचा. त्याच्याकडच्या तबकड्या ऐकून सुगंधाचा हात असा काही सुटला, की फळीवरच्या वाट्यासुद्धा नाचू लागल्या.

सखुबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी डवल्या काढून घेतल्या. पालथं भांडं वाजवलं की घरातलं अन्न उठून जातं, असं त्यांच्या आईने त्यांना सांगितलं होतं. शिवाय टोपाला लागतं, असंही त्या म्हणाल्या. मित्रांनो, मला कुणी विचारलं नव्हतं.

त्र्याहत्तर सालच्या थंडीत दशरथ नावाच्या मंडपवाल्याने जवळच्या मैदानावर रविवारी दिवसभराचा रॉकचा जलसा ठरवला. पंचाईत जेवणाची होती. आजूबाजूची गुजराती मंडळी मासे-मटण चालू देणार नव्हती, आणि गाणाऱ्या पाहुण्यांतले काही परदेशी लोक दुधातुपाला शिवत नव्हते. दशरथने कपाळाला हात लावला. चंदरने त्याला सरळ सखुबाईंच्या दारात आणून उभं केलं.

असा मी आयुष्यात पहिल्यांदा रविवारी चुलीवर चढलो. सांबार, आंबोळ्या, सोलकढी, आणि गोडाला गूळ घातलेल्या नारळाच्या रसातल्या शेवया. बेलबॉटम घातलेली पोरं मातीत मांडी घालून जेवली. एका दाढीवाल्या पाहुण्याने तीनदा सांबार मागितलं. त्या दिवशी माशांचा टोप घरी पालथा होता, हे मला मुद्दाम नमूद करायचं आहे.

दुपारी चंदर धावत आला. त्याचा ड्रम वाजवणारा मित्र तापाने फणफणला होता आणि शेवटची पाळी त्यांचीच होती. ड्रमवर बसशील का, असं त्याने सुगंधाला विचारलं. तिने हातातली पळी खाली ठेवली. वर्षभर तिने हीच इच्छा मनात धरली होती आणि कुणापुढे उच्चारली नव्हती. उन्हाळ्यात तिचं लग्न उरकायचं चाललं होतं. आज नाही तर कधीच नाही, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

संध्याकाळी पाळी आली तेव्हा ती स्टेजवर चढली. दशरथने तिला ड्रमला हात लावू दिला नाही.

"वाढायला आलीय ना? मग वाढ," तो माइकजवळच म्हणाला. "ड्रम माझे आहेत. पोरगी बसलेली चालायची नाही."

मैदानभर ते ऐकू गेलं. काही जण हसले. सुगंधा खाली आली आणि माझ्याजवळ मान खाली घालून बसली. चंदर भांडत होता, पण त्याचं कोण ऐकणार?

सखुबाई उठल्या. माझ्या तळाशी थोडं सांबार होतं, ते त्यांनी शेवटच्या पंगतीला निपटून वाढलं. मग मला पाण्याने विसळलं, पदराने पुसलं आणि दोन्ही हातांनी उचलून स्टेजवर नेलं. तिथे त्यांनी मला स्वतःच्या हाताने पालथा घातला. त्यांचे हात गार पडले होते. इतकी वर्षं पाळलेला नेम मोडताना माणूस घाबरतं, मित्रांनो.

"ड्रम तुझे आसत," त्या दशरथला म्हणाल्या. "टोप माझो आसा. वाजव गो."

चंदरने माइक माझ्यापुढे वाकवला आणि सुगंधाने वर येऊन डवल्या उलट्या धरल्या. पहिला ठोका पडला तेव्हा तांबटाने दिलेला सगळा आवाज मी एकदम बाहेर काढला. गिटार मागून धावत आली. मघाशी हसलेले लोक उभे राहिले. सुगंधा घामाने निथळत होती, तिचे केस सुटले होते आणि ती थांबत नव्हती. मी ठेचला जात होतो आणि इतका आनंद मला कधीच झाला नव्हता. हे सगळे पोचे त्या संध्याकाळचे आहेत.

दुसऱ्या दिवशी पहाटे सखुबाईंनी आधी तांदळाचा डबा उघडून पाहिला. तो होता तेवढाच भरलेला होता. मग त्यांनी मला चुलीवर ठेवलं, कारण सोमवार होता.

ते लग्न त्या वर्षी झालं नाही. सुगंधा वांद्र्यात वाजवू लागली, अंधेरीत वाजवू लागली, आणि पुढे स्वतःच्या कमाईचे ड्रम घेऊन आली. ठोकारी दारात आला, की पोचे काढू का, असं विचारायचा. सखुबाई त्याला वाटेला लावायच्या.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं एखादं भांडं असेल. त्याला चिंचेने घासा, कल्हई करा, त्यात पोटभर शिजवा. पण कुणा मुलीचे हात थांबवायचे असतील, तर 'टोपाला लागतं' असं आमच्या नावावर सांगू नका. आम्हाला लागत नाही.