नऊ सेकंदांचे सहा महिने

तुरुंगातून सुटून दगडू घाडी रास अल खैमातल्या टाइल्स कारखान्याच्या कॅम्पवर परतला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि संडासापुढे सात माणसं रांगेत उभी होती. त्याला पाहताच सातही जणांनी मागे सरून वाट करून दिली. दगडूला खरं तर जायचं नव्हतं. पण सात माणसं आपल्यासाठी खोळंबलीत म्हटल्यावर तो आत गेला, कडी लावून थोडा वेळ नुसता उभा राहिला आणि बाहेर आला.

खोलीत रोशन वाट पाहत होता. लांज्याचा पोरगेला माणूस, गेली चार वर्षं दगडूच्याच खोलीत. त्याने एसीजवळची खालची खाट झाडून, नवी चादर घालून ठेवली होती.

"ही तुझी, दगडूदादा."

"माझी वरची होती ना?"

"आता वर कशाला? तू फक्त काही बोलू नको. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय."

"काय सांगितलंस?"

"काही नाही. तू कोण आहेस ते."

दगडू कोण होता हे दगडूला चांगलं ठाऊक होतं. कणकवलीकडचा त्रेपन्न वर्षांचा माणूस. टाइल्स दाबायच्या जुन्या प्रेसवर अठरा वर्षं काढलेला, पाठ दुखते म्हणून डाव्या कुशीवर झोपणारा. आयुष्यात त्याने कुणावर हात उचललेला नव्हता. त्याच्या हातून घडलं ते एवढंच. एका रविवारी, सुट्टीच्या दिवशी, तो बांगडे तळत होता. तेवढ्यात फोरमन मुनीरचे फोनवर फोन सुरू झाले. प्रेस अडकलाय, लगेच ये. चौथ्या फोननंतर दगडूने एका हातात झारा धरून दुसऱ्या हाताने त्याला व्हॉइस मेसेज पाठवला. "मेल्या मुनिरा, तुजो मुडदो बशिवलो, आज तरी माका जेवूक दी रे!" नऊ सेकंदांचा मेसेज. मग तो जेवला आणि जाऊन प्रेस चालू करून आला.

मुनीर लखनौकडचा. त्याला त्यातला एकच शब्द कळला, मुडदा. तेही त्याने सोडून दिलं असतं. पण दुसऱ्या दिवशी टाइल्सचं एक पॅलेट फोर्कलिफ्टवरून घसरलं आणि मुनीरपासून दोन हातांवर कोसळलं. त्या वेळी दगडू कँटीनमध्ये चहा पीत होता. मुनीर तिथून तडक पोलिसांत गेला.

कोर्टात दुभाषी होता, पण तो हिंदीचा. दगडूने आपल्या हिंदीत सगळं खरं खरं सांगितलं. मुडदा म्हणालास का? म्हणालो. बसवतो म्हणालास का? म्हणालो. कुठे बसवणार होतास? यावर दगडूने नीट विचार केला आणि म्हणाला, "कुठे नहीं साहेब. वो अपने आप बैठता है." दुभाष्याने ते जसंच्या तसं अरबीत सांगितलं. सहा महिने. पुढे हद्दपारीच व्हायची, पण तो जुना प्रेस दुसऱ्या कुणाचं ऐकेना, म्हणून कंपनीने खटपट करून त्याला परत घेतलं.

ऑफिसात संजनाने कागद पुढे केले. ती एचआरला होती. शारजात वाढलेली, रोज दोन तास ट्रॅफिक खात यायची.

"काका, वेलकम बॅक. इथे साइन करा. आणि प्लीज, नो व्हॉइस नोट्स. ओके?"

"नाही करणार."

"टाइप पण नका करू. थंब पाठवा. अंगठा."

त्या दिवसापासून दगडू सगळ्यांना अंगठा पाठवू लागला.

पण हा माणूस मुडदे पाडतो हा लोकांचा गैरसमज त्याने मिटेना. मेसमध्ये तो बसला की टेबल रिकामं होई. एकदा रोशन म्हणाला, "दादा, माझ्यासोबत स्वयंपाक्याकडे चल. बोलू नको, नुसता उभा राहा." दगडू उभा राहिला. रोशन म्हणाला, भात रोज कच्चा राहतो. स्वयंपाक्याने एकदा दगडूकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून भात असा मऊ आला की त्याची पेज झाली. तीही सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ली. दगडूने दोन-चार जणांना बसवून खरी हकिकत सांगून पाहिली. ती माणसं मान डोलावून "बरोबर, बरोबर" म्हणाली आणि उठून गेली. मग त्याने तोही नाद सोडला. सांगून सांगून माणूस दमतो, आणि तो आधीच दमलेला होता.

शुक्रवारी दुपारी गिरिजाचा, त्याच्या बायकोचा, गावाहून फोन आला. आवाज ऐकून त्याला बरं वाटलं.

"जेवलात?"

"जेवलंय. घराकडे बरा मा?"

"कसला बरा! वांदरांनी सगळे नारळ पाडल्यानी. त्यांचो मुडदो बशि–"

दगडूने फोन कापला. पाच मिनिटांनी त्यानेच परत लावला.

"फोनार असा बोला नको," तो हळू आवाजात म्हणाला.

"मी वांदरांका बोललंय!"

"वांदरांका पण नको."

"मगे बोलूचा काय?" गिरिजाने विचारलं. दोघं बराच वेळ फोन कानाला लावून बसली. तिकडे कोंबडा आरवला, तेवढाच आवाज.

या सगळ्यात मुनीर कुठे दिसत नव्हता. दगडू परतल्याच्या दिवशीच त्याने आपली बदली पॅकिंगच्या शेडमध्ये मागून घेतली होती आणि कँटीनला यायचा तोही लांबचा वळसा घालून. दोन आठवडे झाले तेव्हा दगडूला वाटलं, हे मिटवायला हवं. चहाच्या सुट्टीत दोन पेले घेऊन तो पॅकिंगला गेला. मुनीर खोक्यांमागे उभा राहिला.

"दगडूभाई, माफ कर दो."

"चाय पियो," दगडू म्हणाला आणि खोक्यावर बसला. "मुनीरभाई, वो गाली नहीं था. हमारे उधर प्यार से बोलता है."

"प्यार से? मुर्दा?"

"हां. मेरी आई रोज सुबह बोलती थी. खाना देते देते."

मुनीरने पेला हातात घेतला, पण प्यायला नाही. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "तो छह महीने…"

"हां."

"खुदा कसम, मुझे नहीं मालूम था." मग त्याने विचारलं, "तो फिर गुस्से में क्या बोलते हो तुम लोग?"

दगडूने विचार केला. त्याला आपला बाप आठवला, मोठा भाऊ आठवला.

"गुस्से में हम लोग बोलता नहीं है," तो म्हणाला. "चुप बैठता है."

हे तोंडातून गेलं आणि दोघंही थबकले. मुनीर पेल्याच्या कडेवर बोटाने दिवस मोजू लागला. दोन आठवडे दगडू त्याच्याशी अवाक्षर बोलला नव्हता. दगडूने तोंड उघडून काहीतरी सांगायला हवं होतं, नाही रे, तसं नाही. पण शब्द येईनात. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की आपण खरंच रागावलेलो आहोत. मुनीरवर, पॅलेटवर, त्या दुभाष्यावर, सगळं खरं सांगणाऱ्या स्वतःवर. एवढा राग आत होता आणि तो समजत होता की ही पाठदुखी आहे. त्याने आपला चहा संपवला, पेला उचलला आणि एक शब्द न बोलता निघून गेला.

पुढच्याच आठवड्यात मुनीर रजा टाकून गावी गेला, तो परत आलाच नाही. संजनाने दगडूला बोलावलं.

"काका, मॅनेजमेंटचं म्हणणं आहे, फोरमन तुम्ही व्हा. लोक तुमचं ऐकतात."

"ऐकत नाहीत गो. घाबरतात."

"सेमच ना?"

"मला घरी जायचंय. महिनाभर रजा दे."

"इन्शाल्ला, काका. नेक्स्ट क्वार्टर बघू." तिने खरंच वाईट वाटल्यासारखं तोंड केलं आणि कागद पुढे सरकवला. फोरमनला वाकावं लागत नाही, एवढा एकच विचार करून दगडूने सही केली.

त्या रविवारी तो सकाळीच बसने निघाला, दुबईत उतरून मेट्रोने करामाला गेला. तिथे कोकणी जेवण मिळतं हे त्याला माहीत होतं. गर्दीत त्याला एका टेबलावर कोपरा मिळाला. समोर साताऱ्याकडचा एक म्हातारा हिशेबनीस जेवत होता. त्याने मिठाची वाटी दगडूकडे सरकवली. कुणीही उठून गेलं नाही. वाढप्याने दगडूला दोनदा हाक मारायला लावली आणि सोलकढी आणायला विसरला. दगडूला फार बरं वाटलं.

"नवीन आलात वाटतं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"हो," दगडू म्हणाला. "गेल्याच आठवड्यात."

"मग ऐका," म्हातारा म्हणाला, आणि उन्हाळ्यात पाणी किती प्यायचं, चपला कुठल्या घ्यायच्या, घरची आठवण कुठल्या महिन्यात जास्त येते, सगळं सविस्तर सांगायला लागला. दगडू हात वाळेपर्यंत मान डोलावत राहिला. परतीची बस निघून गेली असणार हे त्याला कळत होतं, पण म्हातारा अजून ऑगस्टपर्यंतच आला होता.