हवालदाराचा सोमवार

आवडाबाईंनी हवालदाराची मान दोन्ही गुडघ्यांत धरली आणि पालथ्या बादलीवर गजराचं घड्याळ ठेवलं. शाम्पू अंगावर दहा मिनिटं राहिला पाहिजे असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आणि आवडाबाईंची दहा मिनिटं म्हणजे दहाच, साडेनऊ नाहीत.

"हलू नको रे मेल्या. सातच झालीत."

हवालदार हे कुत्र्याचं नाव. अंगावरचा खाकी रंग आणि फाटकाशी ठाण मांडून बसायची सवय, यावरून पडलेलं. चार वर्षांपूर्वी आवडाबाईंचे यजमान गेले, त्यानंतर पंधरा दिवसांनी हा सिडकोतल्या त्यांच्या घरापुढं येऊन बसला आणि मग उठलाच नाही. आता गेले आठ महिने तो खाजवत होता. काखा, पोट, मांड्यांची आतली बाजू, कानांच्या पाळ्या. खाजवून खाजवून कातडी हत्तीच्या कातडीसारखी जाड आणि काळी झाली होती.

नळाला पाणी सहा दिवसांनी यायचं, आणि कुत्र्याला आठवड्यातून दोन अंघोळी. आवडाबाईंनी स्वतःची अंघोळ अर्ध्या बादलीवर आणली होती आणि त्याबद्दल घरात कुणाला चकार शब्द काढू दिला नव्हता.

घड्याळ वाजलं. पाणी ओतता ओतता त्यांचा हात हवालदाराच्या पोटाखाली गेला आणि तिथंच थांबला. मागच्या आठवड्यात वाळलेली खपली निघाली होती. खालचं कातडं ओलं आणि लालभडक होतं.

"परत उठलं ना?" मागच्या दारातून सोमनाथनं विचारलं. शेंद्र्याच्या कंपनीतून तो नुकताच आला होता, बूटही काढले नव्हते.

"जरासं हाय."

"आई, ह्याला शेतावर न्यायला मी काकासाहेबांना फोन केलाय. रविवारी त्यांची गाडी येतेय गंगापूरहून. उसाला राखण हवीच आहे त्यांना."

"राखण!" आवडाबाईंनी टॉवेल झटकला. "फटाका वाजला की पलंगाखाली जातो हा. उसात काय करील, कोल्ह्याच्या पाया पडंल?"

"सायलीला आठवा लागलाय. बाळ येणार घरात आणि हा असा. वास येतो, खपल्या पडतात. मला काय हौस आहे का?"

त्याला हौस नव्हती, हे आवडाबाईंना ठाऊक होतं. त्यामुळंच त्यांना जास्त राग आला. शेतात ह्याला आठवड्यातून दोनदा शाम्पू कोण लावणार होतं? तिथं हा महिनाभरात सडून गेला असता.

"हा बरा होणार," त्या म्हणाल्या. "मी सांगते ना."

त्या सांगत होत्या म्हणजे विषय संपला, असं ह्या घरात तीस वर्षं चाललं होतं. सोमनाथची कावीळ त्यांनी ओळखली होती, त्याच्यासाठी सायलीचं स्थळ त्यांनीच शोधलं होतं, आणि दोन्ही बाबतींत त्या बरोबर होत्या. हवालदाराच्या बाबतीत मात्र त्यांचं काही चाललं नव्हतं. कडुलिंबाचं पाणी झालं, करंजाचं तेल झालं, हळद झाली. एका डॉक्टरनं इंजेक्शन दिलं की पंधरा दिवस बरं, सोळाव्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. शेवटी जैतुनबीनं, शेजारणीनं, टीव्ही सेंटरकडच्या डॉक्टर मंतशाचं नाव सांगितलं. ही मुलगी इंजेक्शनाकडं वळलीच नाही. म्हणाली, ह्याला काहीतरी खाण्यातलं सोसत नाही. आठ आठवडे असं काही द्या जे ह्यानं जन्मात खाल्लं नाही. उकडलेला मासा आणि रताळं. तिसरा पदार्थ जिभेला लागता कामा नये.

आवडाबाईंनी ते पथ्य असं पाळलं की फाटकावर पाटी लावली, 'ह्याला कोणी काही देऊ नये'. दूधवाल्याला दम दिला. बकरी ईदला जैतुनबीला आधीच बजावलं, "औंदा हाड नाय."

"अरे, हम क्या जहर देते क्या?" जैतुनबी म्हणाली, पण तिनं हाड दिलं नाही.

आता सहावा आठवडा होता आणि पोट पुन्हा ओलं होतं. कुणीतरी चोरून देत होतं, याबद्दल आवडाबाईंना तिळमात्र शंका नव्हती. रात्री त्यांनी सोमनाथच्या शर्टाचे खिसेसुद्धा उलटे करून पाहिले. बिस्किटाचा चुराही निघाला नाही.

गुरुवारी सायलीनं बँकेतून अर्धी सुटी घेतली आणि सासू-सून हवालदाराला रिक्षात मधे बसवून दवाखान्यात गेल्या.

डॉक्टर मंतशा तिशीतली, बाह्या कोपरापर्यंत सारलेली. तिनं हवालदाराला टेबलावर आडवा केला, पोट पाहिलं, कान पाहिले, कातडी काचेवर खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली.

"किडा नाही, बुरशी नाही. खाण्याचंच आहे. आजी, कोण देतंय?"

"तेच शोधून काढा म्हणून आले मी," आवडाबाई म्हणाल्या. "घरातलं कुणी देत न्हाई. माझ्यापुढं हिंमत हाय का कुणाची?"

सायलीनं मोबाइल पुढं केला. घरातल्या कॅलेंडरचा फोटो होता. हवालदार जास्त खाजवी त्या दिवसावर ती लाल टिंब देत आली होती. डॉक्टरनं फोटो मोठा केला, बोट वरून खाली नेलं.

"सगळी टिंबं मंगळवार-बुधवारची आहेत. सोमवारी काय असतं तुमच्याकडं?"

"सोमवारी? काही नाय. सोमवारी माझा उपास असतो."

"तुमचा. ह्याचा?"

"ह्याचाबी. सोमवारी मासा शिजत नाय आमच्यात. तुम्हीच म्हणालात, रताळं चालंल."

"हो, म्हणाले. म्हणजे सोमवारी फक्त रताळं खातो?"

"व्हय."

"दुसरं काही नाही?"

"काही नाय. खिचडीचे दोन घास, बस."

डॉक्टरचं पेन थांबलं.

"उपासाचीच हो!" आवडाबाईंनी घाईनं सांगितलं. "साबुदाण्याची. तांदळाची न्हाई. आन दह्यात कालवून देते, घशाला लागू नये म्हणून."

हवालदारानं जांभई दिली.

"आई," सायली हळूच म्हणाली, "मी दर सोमवारी दुपारी बँकेतून फोन करते ना, काय खाल्लं म्हणून. तुम्ही म्हणता, काही नाही."

"मग उपासाला काय खाल्लं म्हणायचं असतं का?"

डॉक्टरला हसू आवरेना. "आजी, माझी अम्मी रोजे ठेवते. तिला विचारलं क्या खाया, तर म्हणते कुछ नहीं. आणि खरंच कुछ नहीं असतं हो!"

मग ती गंभीर झाली. दही, म्हणाली. माझा संशय दह्यावर आहे. दर सोमवारी दोन घास गेले की सहा दिवसांची मेहनत पाण्यात. आठ आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. पण दोन सोमवार नीट गेले तरी फरक दिसेल.

आवडाबाईंनी मान हलवली. हवालदाराच्या गळ्यातला पट्टा त्यांनी हातात घट्ट गुंडाळला होता. त्या सगळ्यांवर पाळत ठेवत होत्या, दूधवाल्यावर, जैतुनबीवर, पोटच्या पोरावर. आणि सोमवारी एक वाजता, घरात कुणी नसताना, स्वतःच्या ताटलीतला घास ह्याच्या तोंडात घालत होत्या. यजमान असताना उपासाचा फराळ दोघं मिळून करायचे. ते गेल्यावर एकटीच्या घशाखाली उतरेना. मुक्या जनावराला घास दिला की पुण्य लागतं, असं म्हणत त्यांनी ह्याला समोर बसवला, तो तेव्हापासून.

रिक्षात त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. सायलीनं पाहिलं आणि ती बाहेर बघू लागली. हवालदारानं मात्र बघितलं आणि सरळ त्यांचं तोंड चाटलं.

"चाट, चाट," आवडाबाई म्हणाल्या. "तुझंच वाटोळं केलं रे मी."

घरी सोमनाथ चहा घेत बसला होता.

"सापडलं का, कोण देतंय?"

सायलीनं तोंड उघडलं. "डॉक्टर म्हणाल्या, बहुतेक दह्यामुळं..."

"मी," आवडाबाई म्हणाल्या.

सोमनाथनं कप खाली ठेवला.

"मी देत होते. सोमवारी. साबुदाणा आन दही. तुझे खिसे तपासले मी, तेबी सांगून टाकते. आता गाडीच बोलवायची असंल तर मला बसव तिच्यात. उसाला राखण मी करीन, भुंकायचं मला जमतं."

सोमनाथनं फोन उचलला.

"काकासाहेब, रविवारची गाडी राहू द्या... नाही, आजारी नाही कुणी. दोन सोमवार बघतो म्हटलं... काय झालं? आईनं चूक कबूल केली... हो, हो, आमच्याच आईनं."

पलीकडून काकासाहेबांचं हसणं अख्ख्या खोलीत ऐकू आलं. आवडाबाई ताडकन उठून स्वयंपाकघरात गेल्या.

सोमवारी सोमनाथ आणि सायली कामाला गेल्यावर आवडाबाईंनी साबुदाणा भिजवलाच नाही. पूजा आटोपली. महादेवाच्या तसबिरीपुढं दोन मिनिटं उभ्या राहिल्या. काय बोलल्या ते त्यांनाच ठाऊक. पण हात जोडून बाजूला झाल्या तेव्हा परवानगी मागितल्यासारखं तोंड नव्हतं, सांगून टाकल्यासारखं होतं.

कुकरमधून चार रताळी काढली. दोन ताटल्या घेतल्या. फ्रिज उघडला, दह्याच्या पातेल्याकडं पाहिलं आणि फ्रिज लावून टाकला. तूप नाही, दूध नाही, दाण्याचं कूट नाही. एक ताटली खाली ठेवली, दुसरी घेऊन स्वतः पाटावर बसल्या.

हवालदारानं आपल्या ताटलीला तोंड लावलं नाही. तो त्यांच्या ताटलीकडं बघत राहिला.

"बघ, नीट बघ," आवडाबाईंनी ताटली त्याच्या नाकापुढं धरली. "हाय का दुसरं काही?"

त्यानं वास घेतला, पटलं, आणि खाली मान घालून खायला लागला. मग त्यांनीही पहिला घास घेतला. कोरडं रताळं घशात अडकलं, त्या पाणी प्यायल्या, आणि पुढचा घास घेतला.

फोन वाजला. सायली होती.

"आई, काय खाल्लं?"

"का..." आवडाबाईंनी सवयीनं सुरुवात केली आणि थांबल्या. हवालदार रिकामी ताटली चाटत होता.

"रताळं," त्या म्हणाल्या. "दोन मी, दोन त्यानं."