इंग्रजी माय

मी कमलेशच्या उजव्या हातावरचा टॅटू बोलतोय. मला तोंड नाही, कातडीवरूनच बोलावं लागतं, तेव्हा जरा जवळ या. वय विचाराल तर आमच्या जातीत दहा-बारा उन्हाळ्यांतच पन्नाशी येते. रंग विटतो, कडा सैल होतात, पोट सुटतं. माझंही सुटलंय. पण सांगतो ते सगळं खरं. खोटं निघालं तर तापल्या उलथन्याचा डाग द्या मला. हा डाग पुढे बसणारच आहे, पण खोटेपणापायी नाही. ऐका.

माझा जन्म दिघोरीच्या मंडईत झाला. दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. पाळणे, जिलेबी, नाटकाचा तंबू, आणि त्या वर्षी रायपूरकडून मशीन घेऊन आलेला एक टॅटूवाला. कमलेश त्याच्यासमोर हात पसरून म्हणाला, "भाऊ, 'माय' लिहा. मोठ्ठं लिहा."

आमच्याकडे आईला माय म्हणतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. टॅटूवाल्याला नव्हतं. त्याच्या कानाला ती इंग्रजीतली माय वाटली, 'माझा' म्हणणारी. त्यानं सरळ एम काढला, वाय काढायला घेतला. कमलेश सुईला भिऊन दुसरीकडे तोंड करून दात आवळून बसला होता. वळून पाहतो तर काय!

"हे काय होय बे?"

"आपने ही तो बोला, माय."

"माय म्हंजे माय! आई!"

"तो माँ बोलना था ना, भैया."

कमलेशनं त्याची गचांडी धरली. मशीन चालूच होतं. वायची शेपटी तेवढी राहिली होती, ती त्या झटापटीत फाटत फाटत थेट अंगठ्यापर्यंत गेली. रक्त असं उडालं की समोरचा आकाशपाळणा लाल झाला. बरं, त्यातला एक पाळणा म्हणा. पण तेव्हापासून जगातली कुठलीच बाही मला पुरी झाकू शकत नाही.

घरी जनाबाई, म्हणजे त्याची माय, तांदूळ पाखडत होती. तिच्या दोन्ही हातांवर गोंदण, कपाळावरही.

"माय, तुले काढली हातावर."

"हे तं इंग्रजी होय. तुही माय कोन्या इंग्रजाच्या घरची होय बे?" असं म्हणून तिनं सूपच हाणलं. सूप फाटलं, कमलेशची भुवई फाटली. मग तिनंच माझ्यावर खोबरेल तेल लावलं. म्हणाली, "मेल्यावर सारं इथंच राहते. गोंदण तेवढं संगं येते. मले संगं नेशील, बरं केलं." त्या क्षणी मला कळलं, आपण कोणत्या भाषेतले आहोत ते.

पुढे कमलेश लाखनीजवळ हायवेवरच्या पेट्रोलपंपावर लागला. पाइप हातात आणि मी पाइपावर, म्हणजे साऱ्या जगासमोर. ट्रकवाले वाचायचे आणि खिदळायचे, "माय के आगे क्या? माय डार्लिंग?"

"माय म्हंजे माय."

"किसकी माय?"

इथवर कमलेश हसून घ्यायचा. पण एकानं मायला जोडून शिवी हासडली, आणि पेट्रोलच्या पाइपाची लोखंडी चोच त्याच्या जबड्यावर बसली. दात बोनेटवर टणटणले. त्यानं पाना काढला, कमलेशच्या बरगडीत घातला. मी मुठीच्या बाजूलाच राहतो, सगळं जवळून पाहिलं. असे किती झाले विचारू नका, मी सांगेन तो आकडा तुम्ही अर्धा करालच.

गंमत अशी की भांडण कुणीही उकरलं तरी गुन्हेगार मीच. गिऱ्हाईक माझ्याकडे पाहून म्हणायचं, "हातच सांगते ना, कसा पोट्टा आहे ते." मोटारीतली माणसं मला पाहून काचा वर करायची, सुटे पैसे दोन बोटांच्या चिमटीत द्यायची.

पंपाचे मालक केशवराव एकदा कडाडलेच. "लोकं पेट्रोल भराले येतात का मारामारी पाहाले?"

"शेठ, त्यानं माय काढली."

"तूनंच तं काढून ठेवली, हातावर!"

मग हुकूम झाला, हाताला फडकं बांध. बांधलं. तर लोक विचारू लागले, "आज कोणाले भोसकून आला?" केशवराव म्हणाले, "हे मिटवून ये. नाही तं येऊ नोको."

त्या दुपारी कमलेशनं चुलीत उलथनं लाल केलं, तोंडात दुपट्टा कोंबला आणि एमवर टेकवलं. चर्र झालं. कातडी बुडबुडली, मी ओरडलो, पण ओरडणार कशानं? उलथनं वायकडे सरकणार तेवढ्यात जनाबाई धानाच्या बांधीतून घरी आली. तिनं ते तापलेलं पातं सरळ मुठीत धरलं. तळहाताची साल पात्याला चिकटून गेली. दुसऱ्या हातानं पोराच्या थोबाडीत अशी दिली की तो चुलीत पडता पडता वाचला.

"मले जाळून राहिला का बे? जित्ती आहो मी अजून!"

दुसऱ्या दिवशी दोघं पंपावर गेली, दोघांच्याही हाताला फडकं बांधलेलं. केशवरावांच्या खुर्चीमागं त्यांच्या मायचा फोटो होता. हार घातलेला, समोर उदबत्ती. हनुवटीवर गोंदण, हातभर गोंदण. जनाबाई फोटोकडे पाहत राहिली. मग तिनं माझ्यावरचं रक्तापुवाचं फडकं सोडलं आणि त्या फोटोवर टाकलं.

"हिलेही झाका ना, शेठ. गिऱ्हाईक येतात."

"माह्या मायवर हात टाकते!" केशवरावांनी तिचा अंबाडा धरून तिला भिंतीवर आपटलं. आणि मग मी, भाजलेला, चिघळलेला, त्यांच्या तोंडावर जाऊन आदळलो. एकदा, दोनदा. टेबल उलटलं, काच फुटली. त्या खोलीत दोन माणसं आपापल्या मायसाठी एकमेकांना फाडत होती. जनाबाईनं मध्ये पडून फोटो तेवढा काचांतून उचलला, पदरानं पुसला आणि पुन्हा खिळ्याला लावला.

नोकरी गेली, हे सांगायला नको.

आता पंपासमोरच, रस्त्याच्या या बाजूला, मायलेकांची चहाची टपरी आहे. एमच्या जागी गुळगुळीत गुलाबी डाग, उरला फक्त वाय. मोबाइलवर पोट्टे एवढंच अक्षर पाठवून विचारतात, काहून? म्हणजे, का? मीही तेच विचारतो. हात पुढे करणाऱ्या प्रत्येकाला.

इथं जवळपास दुसरी टपरी नाही, म्हणून केशवरावही येतात. त्या दिवसापासून त्यांना पुढचा दात नाही. जनाबाई चहा गाळते, कमलेश ग्लास पुढे करतो, आणि मी थेट त्यांच्या डोळ्यांसमोर येतो. ते हायवेकडे पाहत ग्लास घेतात.

तुम्हीही लाखनीवरून जाल. चहा प्या, पण ग्लास चिमटीत धरू नका. आणि मान वळवण्याआधी एवढं सांगून जा, काहून?