कोरडी बाटली

गहिनीनाथच्या हॉटेलात खिळ्याला एक वही टांगलेली असायची. तिला आम्ही शेरेबुक म्हणायचो. वर्षातून एकदा-दोनदा तपासणीचे साहेब यायचे, कपबशा उलट्या करून बघायचे, मोरीत डोकावायचे आणि जाताना त्या वहीत शेरा लिहायचे. चौदा वर्षांत तिच्यात एक वाईट शब्द पडला नव्हता. 'स्वच्छता समाधानकारक.' 'भांड्यांना कल्हई आहे.' 'खाद्यपदार्थ झाकून ठेवलेले आढळले.' गहिनीला वाचता यायचं जेमतेम, पण शेरे सगळे पाठ. नवं गिऱ्हाईक बाकावर टेकलं की काहीतरी निमित्त काढून तो वही त्याच्यापुढं सरकवायचा. मी म्हणायचो, "गहिन्या, लोकं च्या प्यायला येत्यात, पारायनाला न्हाई." तो हसायचा आणि फडक्यानं वहीची धूळ पुसायचा.

मी रज्जाक. शेजारीच माझं शिलाईचं दुकान. आमचा फाटा जामखेडच्या अलीकडं. एसटी थांबते, एवढीच त्याची ओळख. मी हे गहिनीची कड घ्यायला सांगत नाही. कड मी एकदा घेतली, आणि त्याचं काय झालं तेच सांगायचं आहे.

बहात्तर साली पावसानं दगा दिला आणि पुढच्या शिमग्यापर्यंत फाट्यावरची विहीर खडखडीत झाली. टँकर चार दिवसांनी यायचा. गहिनीचं हॉटेल म्हणजे चार खांबांवर पत्रे, त्याला दार कुठलं? म्हणून त्याच्या पाण्याचं पिंप माझ्या दुकानात ठेवलेलं असायचं, आणि रात्रंदिवस कुलपात. किल्ली माझ्या गळ्यातल्या दोऱ्याला. सकाळी मी त्याला दोन बादल्या मोजून द्यायचो, एक चहाला, एक कपबशांना. तिसरी त्यानं कधी मागितली नाही आणि मागितली असती तर मी दिलीही नसती. गिऱ्हाइकाला पाण्याचा गिलास देणं त्यानं बंद केलं होतं. पाटी लावली होती, 'चहा मिळेल. पाणी मागून लाजवू नये.' पण कपबशा मात्र उकळत्या पाण्यातूनच निघायच्या. तेच पाणी संध्याकाळपर्यंत उकळायचं, आणि मग तळाशी उरलेलं गढूळ बादलीभर गोजरबाईच्या म्हशीला जायचं.

गोजरबाई म्हणजे त्याची दूधवाली. पलीकडच्या वस्तीवर एकटी राहायची. लोकांनी जनावरं छावणीत नेऊन बांधली, काहींनी बाजार दाखवला. हिनं मात्र छपरावरचं पाचट उपसून म्हशीला घातलं आणि स्वतः उघड्यावर निजली. म्हैस पहाटे दोन-अडीच शेर द्यायची. ते दूध गाळून, वर ओला फडका बांधून ती उजाडायला गहिनीकडं आणायची. तो तिला 'मावशी' म्हणायचा.

रस्त्याच्या पलीकडं कानिफनाथचं हॉटेल होतं. त्याच्या दुधाबद्दल मी काही बोलत नाही, सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. त्या टंचाईतच एक दिवस तपासणीचे साहेब आले. ते येणार हे त्याला आधीच्या गाडीतूनच कळलं असावं, कारण साहेब उतरले तेव्हा त्याच्याकडं दुधाचं पातेलंच नव्हतं. "आज काळाच च्या, साहेब," म्हणून तो हात जोडून उभा राहिला.

मग साहेब इकडं आले. मोरी बघितली, कपबशा बघितल्या, बाकावर बसून कपाळ पुसलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "या फेरीत दुधाचे नमुने न्यायचेत. आकडा वरून ठरून आलाय. पण गहिनीनाथ, तुमचं राहू द्या. यंदा दूध कुठलंच धड भरत नाही. तुम्ही दूध काही विकत नाही, चहाला वापरता. तेवढं सांगा, म्हणजे झालं."

आता याहून सरळ माणसानं किती सांगावं? शहाण्या माणसानं मान डोलावली असती. पण गहिनीच्या तोंडाचा रंग उतरला. "का साहेब? माज्या दुधात काय वंगाळ हाय?"

आणि मी, गळ्यात टेप अडकवून दारात उभा असलेला हा दीडशहाणा, मध्ये पडलो. "घ्या साहेब, ह्याचंच घ्या. दूध कशाला म्हनत्यात ते त्या कानिफनाथालाबी कळू द्या."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. ती नजर मला अजून दिसते. म्हणाले, "पंच म्हणून सही करणार?"

"एक सोडून दोन करतो," मी म्हणालो.

त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेल्या तीन बाटल्या काढल्या. एकेक उन्हात धरून मला दाखवली. "बघा, कोरड्या आहेत, स्वच्छ आहेत." मी बोट घालून पाहिलं. कोरड्या ठणठणीत होत्या. पातेल्यातलं दूध ढवळून तिन्हींत सारखं भरलं, नासू नये म्हणून औषधाचे थेंब टाकले, बुचं लावली, लाख ओतली. चिठ्ठ्यांवर मी झोकात सह्या केल्या. दोन बाटल्या त्यांनी नेल्या, एक नियमाप्रमाणं गहिनीला दिली. शेरेबुकात लिहिलं, 'स्वच्छता उत्तम. टंचाईतही कपबशा उकळत्या पाण्यातून काढतात. दुधाचा नमुना घेतला.' चौदा वर्षांत 'उत्तम' पहिल्यांदा आलं होतं. गहिनीनं ती बाटली देवाच्या फोटोशेजारी ठेवली आणि मला लागोपाठ दोन चहा पाजले.

दीड महिन्यानं कागद आला. दुधात शंभरात सोळा भाग पाणी.

मला आधी हसूच आलं. गहिनीनं तो कागद माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. मग पिंपाकडं बघत म्हणाला, "रज्जाक, पानी तुज्या कुलपात हुतं."

"व्हय."

"तू मला जादा दिलं हुतंस का?"

"थेंब न्हाई."

"मंग हे सोळा भाग आलं कुठनं?"

त्याचं उत्तर साहेबांनीच दिलं, पुढच्या खेपेला, एसटीच्या सावलीत उभं राहून, हळू आवाजात. म्हणाले, "उपाशी जनावराचं दूध पातळ निघतं. त्यात जे असायला हवं ते भरत नाही. जे भरत नाही त्याला कागदावर पाणीच म्हणतात. मी तुम्हाला सांगितलं होतं." सांगितलं होतं हे खरंच होतं. शिक्षा किती, असं मी विचारलं. कमीत कमी सहा महिने, म्हणाले, आणि परवाना जाणार तो वेगळाच.

गोजरबाईला ही बातमी लागली तशी ती भर उन्हात आली. माझ्या दुकानाच्या पायरीवर बसली. "रज्जाकभाई, माज्या दुधात पानी हुतं म्हनं." मी म्हणालो, "न्हाई मावशी, कागदात हाय, दुधात न्हाई." तिला ते पटलं नाही. ती म्हणाली, "पानी असतं तर मी म्हशीला पाजलं नसतं का?"

वकील गाठला. त्यानं पहिल्यांदा विचारलं, दूध कुणाकडून घेता? तिचं नाव द्या, म्हणजे थोडा भार तिच्यावर जाईल. गहिनीनं नाव दिलं नाही. मी त्याला कोपरानं ढोसलं, तरी नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, "तिला तुरुंगात घालू आन् मी सुटू? मला जमायचं न्हाई." वकिलानं दुसरा मार्ग काढला, त्याच म्हशीचं दूध पंचांसमोर काढून तपासायला पाठवू. मला हे पटलं. उपाशी म्हैस खरं बोलली असती. पण तो मार्ग निघेपर्यंत वैशाख आला होता, आणि वैशाखात म्हैस बसली ती उठलीच नाही. मी आणि गहिनीनं तिला ओढ्याच्या कडेला ओढत नेलं. म्हशीच्या मानानं ती फार हलकी लागली.

मग वकिलानं मला एकट्याला बाजूला घेतलं. "पंच तुम्ही आहात. कायदा म्हणतो, बाटली कोरडी पाहिजे. तुम्ही एवढंच सांगा, साहेबांनी बाटल्या तिथंच पाण्यानं विसळल्या, पुसल्या नाहीत. बाटली ओली म्हणजे पाणी बाटलीतलं. माणूस सुटला."

मी विचारलं, "आन् पिंपाला कुलूप हुतं, किल्ली माज्याकडं हुती, हे सांगितलं तर?"

"खरंय, पण कागदापुढं ते टिकायचं नाही."

गहिनीला मी हे सांगितलं तेव्हा तो चुलीपुढं बसला होता. चूल थंडच होती. दुधाशिवाय हॉटेल कसलं? छबूवहिनी, त्याची बायको, खडी फोडायच्या कामावर जात होती, त्यावर दोघं निभावत होते. तो म्हणाला, "खोटं बोलू नगंस. बाटली कोरडी हुती. ओली म्हनलास तर साहेब खोटा पडंल, आन् त्यानं माज्या वहीत 'उत्तम' लिवलंय." मला राग आला. माणूस तुरुंगात चालला आहे आणि वहीला जपतो आहे. मी म्हणालो, "तुजी वही घालतील का रं तुरुंगात तुज्याऐवजी?" बाटली ओली म्हणायची, मी मनात ठरवूनच टाकलं.

कोर्टात उभं राहायला पुढची दिवाळी उलटली. तोवर पाऊस होऊन गेला होता. कोर्टाच्या आवारात हिरवळ होती, दारात पाण्यानं भरलेला रांजण होता, लोक पिऊन उरलेलं पाणी झाडाच्या बुडाशी ओतत होते. त्या जागेत उभं राहून 'पाणी नव्हतं' म्हणणं मलाच थाप वाटायला लागलं.

मी शपथ घेतली आणि पढवलेलं सांगितलं. साहेबांनी बाटल्या तिथंच विसळल्या, ओल्याच होत्या. साहेब खाली बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. मग सरकारी वकील उठले. आवाज अगदी मऊ.

"बाटल्या कुठल्या पाण्यानं विसळल्या?"

"हाटेलातल्या."

"हॉटेलात पाणी कुठं ठेवत होते?"

"माज्या दुकानात. पिंपात."

"उघडं?"

"कुलपात."

"किल्ली?"

"माज्याकडं."

"मग त्या वेळी बाटल्या विसळायला पाणी तुम्ही काढून दिलंत?"

त्या पिंपातला एकेक तांब्या मला पाठ होता. विसळायला पाणी, त्या महिन्यात? तोंडातून निघून गेलं, "न्हाई."

"म्हणजे बाटल्या कोरड्या होत्या."

"व्हय. कोरड्या हुत्या."

ते बसायला लागले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की हेच, अगदी हेच, मला पहिल्यापासून सांगायला हवं होतं. मी न्यायाधीशांपुढं हात जोडले. "साहेब, तेच तर म्हनतो मी. किल्ली माज्याकडं हुती. बाटलीला पानी न्हवतं तर दुधाला कुठनं येनार? म्या दिलंच न्हाई."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. रागावले नाहीत. "घटकेपूर्वी तुम्ही शपथेवर सांगितलंत की पाणी होतं. आता सांगता नव्हतं. यातलं मी कुठलं लिहून घेऊ?"

निकालात माझ्याविषयी एक ओळ आली: हा पंच आरोपीचा मित्र असून त्याच्या कोणत्याही म्हणण्यावर विश्वास ठेवता येत नाही. कोणत्याही. खरं एकच होतं माझ्यापाशी, तेही मी माझ्याच तोंडानं बाटवून ठेवलं. गहिनीला सहा महिने झाले. जाताना त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही, आणि मुद्दाम टाळलं असंही दिसू दिलं नाही.

पत्रे उतरवले तेव्हा त्याचं सामान मी माझ्या दुकानात आणून ठेवलं. कपबशा, पाटी, शेरेबुक, लाखबंद बाटली. छबूवहिनी माहेरी, राहाता गावाला, निघून गेली. गोजरबाईनं पुन्हा म्हैस घेतली नाही. कानिफनाथनं आमच्या बाजूला आणखी चार बाकडी टाकली.

गहिनी सुटून आला तो सकाळच्या गाडीनं. वाळला होता, बाकी तसाच. पायरीवर बसला. मी चहा मागवू का म्हणालो, आणि मग लक्षात आलं, फाट्यावर चहा आता फक्त कानिफनाथकडंच. माफी मागायची मी सहा महिने तालीम केली होती, त्यातलं एक वाक्य तोंडातून निघालं नाही. तो उठला, फळीवरून बाटली काढली. चिठ्ठीवर माझी सही तशीच होती. त्यानं बूच उपटलं आणि आतलं दूध रस्त्याच्या कडेला ओतलं. मग कोपऱ्यातल्या पिंपाकडं गेला. आता त्याला कुलूप नव्हतं. तांब्यानं पाणी घेऊन त्यानं बाटली तीनदा विसळली, सावकाश, कपबशा विसळायचा तशी, आणि न पुसता माझ्या मशीनवर आणून ठेवली.

"घे," तो म्हणाला. "आता वली हाय."

शेरेबुक काखेत मारून तो परतीच्या एसटीत बसला. मशीनवरच्या कापडात पाणी उतरत होतं, आणि ते कापड गिऱ्हाइकाचं होतं, तरी मला बाटली उचलवली नाही.